‘आवाज येतोय, पण शब्द सुटे होत नाहीत’

ताई, तुमच्या प्रश्नात घरातली तीन माणसं आहेत, म्हणून तो आधी थोडक्यात मांडून घेते. तुम्ही लग्न होऊन नागपूरहून कोल्हापुरात आलात. पहिले काही महिने सासरचं बोलणं मराठीच असूनही तुम्हाला सलग वाहत्या पाण्यासारखं वाटायचं, शब्द हाती लागायचे नाहीत. आता तुमची लेक नऊ महिन्यांची आहे आणि त्याच बोलण्यातून ‘दूध’ नि ‘भुर्र’ नेमके टिपते, लगेच मान वळवते. तुमच्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, चार महिन्यांपूर्वी कानाचं मशीन बसवलं, तरी ते म्हणतात, ‘आवाज येतोय, पण शब्द सुटे होत नाहीत.’ शिवाय हल्ली ते काम करता करता मध्येच थांबतात आणि विचारतात, ‘मी काय करायला उठलो होतो?’ मेंदू सलग बोलण्याचे आणि सलग कामाचे तुकडे पाडतो तरी कसा, आणि या तिघांसाठी घरात काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं कोल्हापुरात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. उशिरा बोलणारी मुलं, पक्षाघातानं वाचा गेलेली माणसं आणि कमी ऐकू येणारे आजी-आजोबा, असे तिन्ही वयांचे लोक माझ्याकडे येतात. तुमचे तिन्ही प्रश्न आतून एकच आहेत, हे मला या तिघांमुळेच समजलं.

माझ्या खोलीत आलात तर मी सगळ्यात आधी तुम्हाला एक वाक्य रेकॉर्ड करायला सांगेन: ‘आता आई येईल.’ नेहमीच्या वेगानं, मुद्दाम सावकाश नाही. पडद्यावर त्या आवाजाचा आलेख उमटतो. लिहिताना आपण तीन शब्द लिहितो आणि मध्ये दोन मोकळ्या जागा सोडतो. आलेखात त्या दोन्ही ठिकाणी मोकळं काहीच नसतं. ‘ता’मधला आ आणि ‘आई’तला आ एकमेकांत विरघळलेले असतात, आणि ‘ई’मधून आवाज घसरत ‘ये’त जातो. सबंध वाक्यात खरी शांतता एकाच ठिकाणी दिसते, तीही ‘आता’ या शब्दाच्या पोटात. ‘त’ म्हणताना जीभ दातांना टेकून हवा अडवते, सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ, आणि तेवढ्यापुरती रेघ सपाट होते. शांतता बघून तुकडे पाडायचे ठरवलं, तर पहिला तुकडा ‘आ’ आणि दुसरा ‘ताआईयेईल’ असा पडेल. ‘क’, ‘ट’, ‘प’ असलेल्या कुठल्याही शब्दात हीच गत. हा आलेख बघून पालक गप्प होतात. शब्दांमधली जागा आपण ऐकतो असं त्यांना जन्मभर वाटत आलेलं असतं. ती जागा आवाजात नाही. ऐकणाराच ती घालतो.

हे आपल्याकडे नवीन नाही. शाळेत श्लेष अलंकार शिकताना दमयंतीचं ‘औषध नलगे मजला’ तुम्हालाही असेल. ‘न लगे’ असं तोडलं तर ‘मला औषध नको’, आणि ‘नल गे’ असं तोडलं तर ‘अगं, माझं औषध म्हणजे नल’. मुलगी एक बोलते, आई दुसरं ऐकते, आणि दोघींमध्ये ध्वनीचा तसूभरही फरक नाही. शब्द मोडून साधलेला म्हणून याला सभंग श्लेष म्हणतात.

मोडी कागदाचंही असंच आहे. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढतो आणि तिला अक्षरं लटकवत जातो. शब्द संपला म्हणून त्याचा हात थांबत नाही. कोल्हापूरच्या पुरालेखागारात दरबाराचे असे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. मोडी वाचणारे एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे कानाच्या तक्रारीसाठी यायचे. त्यांना मी एकदा विचारलं, शब्द कुठं संपला हे तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, ‘आधी कागद कशाचा हे कळाय लागतंय. जमिनीचा वाद हाय म्हटलं की बिघा, इनाम आपोआप दिसाय लागतंय.’ मी पुस्तकांतून जे शिकले होते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. आधी अंदाज, मग तुकडा.

आता तुमच्या लेकीकडे येऊ. तिच्याजवळ अंदाज बांधायला शब्दच नाहीत, मग ती तुकडा पाडते कशी? १९९६ साली अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं अर्थहीन अक्षरांची सलग माळ ऐकवली. आवाज संगणकाचा, सपाट. त्यात ना चढउतार, ना कुठं थांबा. माळेत तीन-तीन अक्षरांचे चार बनावट शब्द उलटसुलट क्रमानं गुंफले होते. शब्दाच्या आत पहिल्यानंतर दुसरं आणि दुसऱ्यानंतर तिसरं अक्षर ठरलेलं. शब्द संपला की मात्र उरलेल्या तीन शब्दांपैकी कोणताही शब्द येऊ शकायचा. बाळांना हाताशी धरायला एवढाच एक धागा होता. दोन मिनिटांनंतर त्यांना ते शब्द आणि दोन शब्दांच्या सांध्यावरून कापलेले तुकडे ऐकवले, तर सांध्यावरचे तुकडे ती जास्त वेळ ऐकत राहिली, काहीतरी अनोळखी लागल्यासारखी. म्हणजे कुठलं अक्षर कुणामागून येतं याचा हिशेब ती मुलं अवघ्या दोन मिनिटांत मांडत होती.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. ‘चिमणी आली’, ‘चिमणी बघ’, ‘ती बघ चिमणी उडाली’. ‘चि’च्या मागून ‘म’ येतो आणि ‘म’च्या मागून ‘णी’. पण ‘णी’नंतर कधी ‘आ’, कधी ‘ब’, कधी ‘उ’. जिथं पुढचं सांगता येईनासं होतं तिथं शब्दाचा काठ असतो. तुमची लेक दिवसभर पाळण्यात पडून हेच करत होती. तुम्हाला ती नुसती पंख्याकडे बघतेय असं वाटत असेल.

अर्थात एवढ्या एकाच धाग्यावर कुणी भाषा शिकत नाही. घरातलं बोलणं त्या सपाट माळेसारखं नसतं. बाळाशी बोलताना आपण आवाज चढवतो, वाक्याच्या शेवटी लांबवतो, आणि कित्येकदा एकच शब्द सुटा म्हणतो: ‘दूध?’, ‘भुर्र!’. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नोंदींत आयांच्या बोलण्यात दहातलं साधारण एक वाक्य असं एकाच शब्दाचं निघालं होतं. त्याहून मोठी मदत होते ती स्वतःच्या नावाची. साडेचार महिन्यांचं बाळ आपलं नाव इतर नावांपासून वेगळं ओळखतं. आणि २००५ साली हेदर बॉर्टफेल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सहा महिन्यांची बाळं ओळखीच्या नावाला लागून आलेला नवा शब्द सलग बोलण्यातून वेगळा काढू शकतात, अनोळखी नावामागून आलेला नाही. ओळखीचं नाव कानाला खुंटीसारखं मिळतं, आणि खुंटी संपते तिथून पुढचा शब्द सुरू होतो. म्हणून माझ्याकडे उशिरा बोलणाऱ्या मुलांचे आईवडील आले की मी सांगते, नाव आधी घ्या आणि नवा शब्द त्याला लगेच जोडा. ‘सई, वाटी. सईची वाटी.’ याला पैसे पडत नाहीत, आणि कार्ड दाखवून ‘हे काय, हे काय’ विचारण्यापेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

प्रत्येक भाषेचा काठ ओळखायचा मार्ग वेगळा असतो. इंग्रजीत बहुतेक शब्दांच्या पहिल्या अक्षरावर जोर येतो, आणि साडेसात महिन्यांची इंग्रजी घरातली बाळं त्या जोरावर तुकडा सुरू करतात. इतकी, की जोर दुसऱ्या अक्षरावर असलेल्या ‘गिटार’सारख्या शब्दाचा पुढचा भागच त्यांना शब्द वाटतो. मराठीत जोर इतका ठळक नाही. आपल्या कानाला शब्दाच्या शेवटच्या ‘ला’, ‘नं’, ‘चा’, ‘त’ यांचा आधार मोठा असावा, असं मला बावीस वर्षांच्या कामावरून वाटतं. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना वाक्य म्हणायला लावते तेव्हा ती मधली अक्षरं गिळतात, पण शेवटचं ‘ला’ सहसा सोडत नाहीत.

तुम्हाला कोल्हापुरी का कळत नव्हती, तेही यातच आहे. नागपूरला कुणी ‘काय करून राहिला?’ म्हटलं की तुमच्या कानाला ‘करून’ आणि ‘राहिला’ हे दोन साचे तयार मिळतात. इथं सासूबाई विचारतात, ‘काय करालाईस?’ ‘करायला लागलाईस’ दाबून-दाबून एवढंच उरलंय. तुमचा कान ‘करून’ शोधत बसतो, तो सापडत नाही, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. त्यात इथल्या बायका ‘मी आलो’, ‘मी जेवालोय’ म्हणतात, म्हणजे ‘आले’, ‘जेवतेय’ची तुम्ही धरलेली खुंटीही हलते. तुम्हाला लोक भराभर बोलतात असं वाटलं असेल. परकी भाषा ऐकणाऱ्या प्रत्येकाची हीच तक्रार असते, आणि बहुतेक वेळा बोलणारा वेगात नसतोच. तुकडे पडत नाहीत म्हणून तो वेग वाटतो. सहा महिन्यांनी ‘करालाय’ हा एक तुकडा म्हणून तुमच्या कानात बसला, आणि सासर एकदम सावकाश बोलायला लागलं.

मेंदूत हे कुठं आणि कसं होतं? कानशिलामागच्या भागात, टेम्पोरल लोबमध्ये, ऐकण्याचं मुख्य केंद्र आहे. माणसं भाषेनुसार सेकंदाला साधारण चार ते आठ अक्षरं बोलतात, आणि तिथल्या पेशींचा ठेका त्या लयीशी जुळून चालतो. प्रत्येक अक्षरासरशी आवाज चढतो त्या चढावर पेशी जागच्या जागी सावध होतात. पण अक्षर मिळालं म्हणजे शब्द मिळाला असं होत नाही. २०१६ साली नाय डिंग, डेव्हिड पॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलेला एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी चिनी भाषेतली चार-चार अक्षरांची वाक्यं संगणकाकडून म्हणवून घेतली. प्रत्येक अक्षर पाव सेकंदाचं, सगळी एकाला एक चिकटलेली. दोन अक्षरांचा एक पदबंध, म्हणजे वाक्यातला एक गट, आणि चारांचं एक वाक्य. आवाजात फक्त पाव सेकंदाचा ठेका होता. अर्ध्या सेकंदाला किंवा सेकंदाला काहीच बदलत नव्हतं. तरी चिनी समजणाऱ्यांच्या मेंदूच्या लहरींत तिन्ही ठेके उमटले: अक्षराचा, पदबंधाचा आणि वाक्याचा. चिनी न येणाऱ्यांच्या मेंदूत फक्त अक्षराचा. आवाजात नसलेली सीमा मेंदूत मोजता आली, ती अशी. भजनात टाळ सगळ्यांना ऐकू येतात, सम कुठं पडली हे तालात मुरलेल्यालाच कळतं, तसं काहीसं.

हा अंदाज किती बळकट असतो तेही बघा. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन यांनी एका वाक्यातला एक ध्वनी पूर्ण कापला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज भरला. ऐकणाऱ्यांना शब्द अख्खा ऐकू आला, आणि खोकला नेमका कुठं आला हेही नीट सांगता आलं नाही. मेंदूनं भोक बुजवलं आणि बुजवल्याचा पत्ताही लागू दिला नाही. हीच गोष्ट उलटी झाली की गणपतीच्या आरतीतलं ‘फणिवरबंधना’ पोरांना ‘फळीवर वंदना’ ऐकू येतं. ‘फणिवर’ हा शब्द त्यांच्या घरात नाही. फळी आहे, वंदनाही आहे. कान ओळखीच्या ठिकाणी कापतो. मुलांच्या अशा चुकांवर घरात हसतात. मी त्या वहीत लिहून ठेवते, कारण मूल कुठं कापतंय ते बघूनच त्याच्याजवळ कोणते शब्द आहेत हे मला कळतं.

आता मामा. ‘आवाज येतोय, शब्द कळत नाहीत’ हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकते. वयानं कान उतरतो तो आधी वरच्या पट्टीत. ‘आ’, ‘ओ’ असे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते दणदणीत पोचतात, म्हणून आवाज येतो. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’, ‘ट’, ‘क’ यांची ओळख वरच्या पट्टीत असते, ती पुसट होते. आणि शब्दांचे काठ बहुतेक याच व्यंजनांनी बांधलेले असतात. काठ गेले की उरतं ते स्वरांचं एक लांबच लांब सूत. मशीन ती वरची पट्टी मोठी करून देतं, पण कान ज्या बारकाईनं दोन जवळचे आवाज वेगळे करायचा ती बारकाई मशीन पूर्ण परत आणू शकत नाही. त्यातून वर्षानुवर्षं पुसट ऐकलेला मेंदू नव्या आवाजाशी जुळायला वेळ घेतो. मशीन चार महिने नियमित, दिवसाचे आठ-दहा तास घातलंय की फक्त पाहुणे आल्यावर, हे मला मामांकडून कळायला हवं.

इथं माझी एक चूक सांगते, कारण ती बहुतेक घरांत होते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका कुटुंबाला सांगितलं होतं, आजोबांशी एकेक शब्द तोडून, प्रत्येक शब्दानंतर थांबून बोला. तर्क सरळ होता: त्यांना काठ दिसत नाहीत, तर आपण दाखवू. पंधरा दिवसांनी त्यांची सून परत आली. आजोबांना आधीपेक्षा कमी कळत होतं आणि ते चिडायला लागले होते. ‘मी. उद्या. बाजारातनं. येताना. तुमचं. औषध.’ असं ऐकताना त्यांना प्रत्येक शब्द हातात धरून ठेवावा लागत होता, आणि वाक्य पुरं होईपर्यंत पहिला सांडलेला असायचा. शब्द तोडले की वाक्याची लय जाते, आणि अंदाज लयीवरच उभा असतो. ओरडण्याचंही तेच. ओरडताना स्वर फुगतात आणि व्यंजनं त्यांच्याखाली दडपली जातात.

थांबायचं असतं ते अर्थ पुरा होतो तिथं. ‘मी उद्या बाजाराला जाणाराय.’ थांबा, एक श्वास. ‘येताना तुमचं औषध आणते.’ थांबा. समोर बसून, ओठ दिसतील असं, टीव्ही बंद करून, नेहमीपेक्षा जरा सावकाश. आणि बोलायच्या आधी विषय सांगा: ‘मामा, औषधाचं बोलतेय.’ मोडी वाचणाऱ्या त्या गृहस्थांसारखंच, कागद कशाचा हे कळलं की शब्द दिसतात. माझ्या अनुभवात या एका सवयीनं जेवढा फरक पडतो, तेवढा मशीनचा आवाज दोन खुणा वाढवून पडत नाही.

राहिला कामात मध्येच थांबण्याचा प्रश्न. तुम्ही तो वेगळा समजून शेवटी घातलाय. मला तो याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग वाटतो.

लहानपणी आजोबा मला खासबागेत कुस्तीला घेऊन जायचे. मला दिसायचं ते एवढंच: दोन माणसं तांबड्या मातीत एकमेकांना भिडलीत, ढकलतात, आडवी होतात, उठतात. कुठं काय सुरू झालं आणि कुठं संपलं, काही कळायचं नाही. आजोबा मात्र हलगीच्या आवाजात पुटपुटत असायचे, ‘पट काढतोय... काढला... आता घिस्सा बघ... सुटला की रं...’ त्यांना त्याच धुमश्चक्रीत वाक्यं दिसत होती. डाव हा त्यांचा शब्द होता, आणि पैलवानाचा खांदा जरा खाली गेला की पुढचं अक्षर त्यांना आधीच ठाऊक असायचं. हलगीवाल्यालाही ठाऊक असायचं, त्याचे हात डाव पडायच्या आधी वेग घ्यायचे. मला हे दिसायला दोन-तीन वर्षं लागली. तुम्हाला ‘करालाईस’ कळायला सहा महिने लागले, तसंच.

हालचालीतही शब्दांसारखी मोकळी जागा नसते. १९७३ मध्ये डॅरन न्यूट्सन यांनी लोकांना चित्रफीत दाखवली आणि सांगितलं, एक कृती संपून दुसरी सुरू झाली वाटलं की बटण दाबा. कृती म्हणजे काय हे सांगितलं नव्हतं, तरी लोकांची बटणं बरीचशी त्याच त्याच जागी पडली. पुढे जेफ्री झॅक्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये घरकामाच्या साध्या फिती बघणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. आधी लोक नुसतेच बघत होते, बटणाचं त्यांना माहीतही नव्हतं. नंतर त्यांनीच जिथं जिथं सीमा दाखवल्या, तिथं तिथं नुसतं बघतानाही मेंदूतली हालचाल वाढलेली होती. म्हणजे हे काम सांगून होत नाही, सतत चालूच असतं. झॅक्स यांची मांडणी अशी, की पुढं काय होणार याचा अंदाज मेंदू सतत लावतो. अंदाज लागत असतो तोवर कृती एकच, आणि तो एकदम चुकायला लागला की मेंदू जुनं पान मिटून नवं उघडतो. ‘चिमणी’च्या ‘णी’नंतर जे होतं, तेच. बारीक तुकडे हाताच्या हालचालीवरून पडतात, मोठे तुकडे हेतूवरून. कप उचलला, साखर घातली, ढवळलं हे बारीक. ‘चहा केला’ हा मोठा.

तुमची लेकही आता यात शिरते आहे. २००१ साली डेर बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी दहा-अकरा महिन्यांच्या बाळांना एक बाई जमिनीवर पडलेला टॉवेल उचलून जागेवर ठेवते अशा फिती दाखवल्या. काम पुरं झाल्यावर फीत थांबवली तर बाळांना काही वाटलं नाही. उचलता उचलता मध्येच थांबवली तर ती जास्त वेळ टक लावून बघत राहिली.

पान मिटण्याला किंमत असते. मिटलेल्या पानावरचं लगेच हाताला येत नाही. गॅब्रिएल राडव्हान्स्की यांच्या प्रयोगांत, तेवढंच अंतर चालूनही दारातून दुसऱ्या खोलीत गेलेली माणसं हातातली वस्तू कोणती हे जास्त विसरली. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम लहान निघाला आणि डोक्यावर आधीच दुसरं ओझं असेल तेव्हाच ठळक दिसला. मामांचं तसंच असणार. नीट ऐकू न येणारा माणूस दिवसभर भोकं बुजवत असतो, त्यातच त्याची निम्मी शक्ती जाते. मग सोप्यातून स्वयंपाकघरात गेल्यावर ‘कशाला आलो?’ उरतं. वय झालं की कामाच्या सीमा जरा धूसर पडतात, हेही खरं आहे. झॅक्स यांच्या गटाला असंही दिसलं की ज्यांच्या सीमा इतरांशी जुळतात त्यांना नंतर जास्त आठवतं.

म्हणून इथंही बोलण्यातलाच उपाय. १९९२ मध्ये मॅरिलिन बोल्ट्झ यांनी पडद्यावरच्या कथेत जाहिराती घातल्या. प्रसंग संपतो तिथं जाहिरात आली तर लोकांना कथा जास्त आठवली, प्रसंगाच्या मध्ये आली तर कमी. मामा गोळ्या काढत असताना ‘मामा, फोन आलाय’ म्हणू नका. गोळी तोंडात जाऊन पाणी पिऊन होऊ द्या. काम सुरू करताना त्यांनी ते मोठ्यानं म्हणावं, ‘चष्मा आणायला चाललोय.’ काम संपल्यावर एक ठरलेली खूण असावी: गोळ्यांची डबी उलटी ठेवणं, गॅसची शेगडी पुसणं. माझ्याकडचे एक निवृत्त गुरुजी प्रत्येक कामानंतर टेबलावर एकदा टिचकी मारतात. त्यांनी ते स्वतःच शोधलं, मी फक्त ‘सोडू नका’ म्हटलं.

एक मात्र लक्षात ठेवा. खोलीत जाऊन विसरणं आणि परत आल्यावर आठवणं हे चालतं. पण रोजच्या वाटेवर, म्हणजे गंगावेशीतून घरी येताना, ते चुकत असतील, चहा करताना पाण्याआधी दूध की नंतर याचा क्रमच मोडत असेल, किंवा एकच प्रश्न तासाभरात चार वेळा येत असेल, तर माझ्याकडे न येता आधी मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. आणि हे बदल अचानक, एका दिवसात आले असतील, तर तासाचीही वाट बघू नका.

तसं काही नसेल तर पुढच्या आठवड्यात मामांना घेऊन या. येताना ऑडिओग्रामचा, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाचा, कागद आणि मशीन दोन्ही आणा. तुम्ही घरी बोलता तसं पाच मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून आणा, सासूबाईंचं ‘करालाईस’सकट. लेकीलाही आणलंत तर बरं होईल. तुम्ही तिच्याशी बोलताना आजोबांना किती कळतं, हे मला बघायचंय. लहान मुलांशी आपण जसं बोलतो, वाक्याच्या शेवटी जरा लांबवून आणि थांबून, तसं ऐकताना कितीतरी आजोबांचे शब्द एकदम सुटे झालेले मी पाहिलेत.